डाळिंबी रंगाखालची जाळी

मित्रांनो, मी एक जुनी घरगाडी आहे. माझ्या दाराशेजारी, साधारण तुमच्या गुडघ्याच्या उंचीवर, एक छोटी पितळी पट्टी होती. तिच्यावर कोरलं होतं, 'ही जाळी झाकू नये.' पट्टीखाली जाळी होती, जाळीला बारीक खाचा होत्या आणि त्या खाचांतून मी श्वास घेत असे. मला ती पट्टी मुळीच आवडत नसे. नटूनथटून निघालेल्या बाईच्या गालावर कुणी औषधाची चिठ्ठी चिकटवावी, तशी ती दिसे. रस्त्यात माणसं माझ्याकडे वळून बघत, तेव्हा मला वाटे, यांचं लक्ष नेमकं तिथेच जातंय. ती पट्टी उपटून काढली त्या दिवशी मला फार हलकं वाटलं.

घरगाडी तुम्ही कदाचित पाहिली नसेल. अर्धी मोटार आणि अर्धं घर. पुढे चाक, गिअर, ब्रेक आणि पाठीमागे पलंग, ओटा, बेसिन, दुमडून भिंतीला टेकवायचं टेबल. माझा सांगाडा एका ट्रकचा. त्यावर सुतारांनी लाकडी चौकट उभी केली, पत्रेवाल्यांनी लोखंडी पत्रे चढवले आणि वर सायीसारखा, खाली बाटलीसारखा हिरवा रंग दिला. कपाटांना अशा खिट्ट्या लावल्या की कितीही वळणं आली तरी कपबशी बाहेर उडी मारणार नाही. थंडीसाठी पलंगाच्या पायथ्याशी गॅसचा हीटर बसवला. असा हीटर बंद जागेत पेटला की आतली हवा खातो आणि बदल्यात एक विषारी वायू सोडतो. त्या वायूला ना रंग, ना वास. म्हणून माझ्या अंगाला खालच्या बाजूला जाळ्या ठेवल्या आणि छपरावर टोपीसारखं झाकण ठेवलं, त्याच्या कडेने फट. खालून ताजी हवा आत, वरून शिळी हवा बाहेर. माझं नाकतोंड म्हणा ना.

मला ज्यांनी घेतलं त्यांना सगळे बाबा म्हणतात. म्हणजे म्हणत. तेव्हा ते तरुण होते आणि त्यांचे केस त्यांच्या टोपीत मावत नसत. बरोबर आई होती, आणि आईच्या मांडीवर एक तान्हा मुलगा.

आईला काळजी करायची सवय होती. हीटर पेटवायचा असेल तर ती आधी खाली वाकून आतल्या बाजूने माझ्या जाळीला तळहात लावायची. बोटांना वारा लागला की म्हणायची, "हिचा श्वास चालू आहे." मग तोच हात मुलाच्या नाकाखाली धरायची. "याचाही चालू आहे." त्यानंतरच काडी ओढायची.

बाबा चेष्टा करायचे. "माझाही बघ की. नवरा आहे मी तुझा."

"तुमचा कशाला बघू? तुम्ही घोरता. आख्ख्या रस्त्याला कळतं."

आम्ही खूप हिंडलो. समुद्राच्या वाळूत माझी चाकं रुतली, डोंगरात माझं पाणी उकळलं, धरणाच्या काठावर मुलगा माझ्या पायरीवरून पहिल्यांदा एकटा उतरला आणि तोंडावर आपटला. एकदा बाबांनी मला एका बुटक्या पुलाखालून काढायचा हट्ट धरला आणि छपरावरची टोपी चेपली. त्यांनी वर चढून हातोडीने ती ठोकत ठोकत पुन्हा उचलली. आई खालून ओरडत होती, "सरळ नाही झाली तरी चालेल, फट बुजता कामा नये." टोपी तिरपीच राहिली, पण फट उघडी राहिली. ते माझे सुखाचे दिवस.

मग मुलगा मोठा झाला, त्याने नोकरी धरली, लग्न केलं, घर घेतलं. माझी चाकं बसली. मला घरामागच्या अंगणात लावून ठेवलं. हिरवा रंग पोपडे धरून सुटायला लागला. आई गेली. बाबा मुलाच्या घरात कोपऱ्यातल्या खोलीत राहायला आले आणि त्यांना खोकला लागला.

एका सकाळी मुलगा त्यांना घेऊन माझ्यापाशी आला.

"बाबा, तुम्हाला इथेच मोकळं वाटेल. तिकडे टीव्हीचा आवाज, पोरीचा अभ्यास."

"मला टीव्हीचा आवाज चालतो रे."

"आम्हाला तुमचा खोकला चालत नाही. स्पष्ट बोलतो, राग मानू नका."

बाबांनी माझ्या दाराच्या कडीवर हात ठेवला. "राग कसला? गाडी माझीच आहे."

तर असे ते माझ्याकडे राहायला आले. मला आनंद झाला, हे लपवत नाही. त्यांनी कपाटं पुसली, आईचा फोटो खिट्टीला अडकवला. आठवड्यातून एकदा जुना टूथब्रश घेऊन ते माझ्या जाळ्यांच्या खाचा साफ करत आणि म्हणत, "चला, दात घासा." हीटर लावण्याआधी ते गुडघे धरत खाली वाकत आणि आईसारखाच तळहात जाळीला लावत. मोतीबिंदूने त्यांना धड दिसत नव्हतं आणि बोटंही बधिर झाली होती, पण ती सवय सुटली नाही. "हिचा श्वास चालू आहे," असं ते फोटोकडे बघून सांगत.

सूनबाई जेवण घेऊन येई. ती तशी मायाळू होती, पण नवऱ्यापुढे तिचा आवाज निम्मा व्हायचा. तिच्या हातात ताट असे, म्हणून ती माझ्या पत्र्यावर कोपराने दोनदा वाजवी. टक टक. आतून बाबा दोनदा वाजवत. टक टक. म्हणजे मी आहे, दार उघडतो. पुढे पुढे ती मधेच स्वयंपाकघरातून बाहेर येऊन नुसतीच वाजवून जाऊ लागली. उत्तर आलं की तिचा जीव भांड्यात पडे आणि ती आपल्या कामाला लागे. त्या घरात बाबांची चौकशी एवढीच होती, आणि ती एकटीच करत होती.

मग कुणीतरी मुलाला सांगितलं की असल्या जुन्या घरगाड्यांना आता फार मान आहे. शौकीन लोकांचं मंडळ आहे, ते गाड्या बघायला जातात, फोटो काढतात, निवड करतात. मुलगा अंगणात आला आणि कितीतरी वर्षांनी त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. त्याने माझ्या पोपड्यांवरून नख फिरवलं. बाबा दारातच बसले होते. त्यांच्याकडे त्याने पाहिलं नाही.

मला ओढत एका गॅरेजमध्ये नेलं. काम होईपर्यंत बाबांना हॉलमधल्या सोफ्यावर टाकलं. गॅरेजच्या रंगाऱ्याला सगळे आरसा म्हणत, कारण त्याने रंगवलेल्या पत्र्यात बघून माणसं भांग पाडत. आरशाचा हात खरंच गुणी होता. त्याने माझा जुना रंग घासून काढला, कुजलेले पत्रे कापून नवे जोडले, पोचे आतून ठोकून वर आणले, राहिलेल्या खळग्यांत लांबी, म्हणजे भरायचा लगदा, भरली, वाळली की घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. मग तो माझ्या अंगावरून डोळे मिटून तळहात फिरवायचा, आणि कुठे उंचसखल लागलं की खडूने खूण करायचा. इतक्या मायेने मला आईनंतर कुणी हात लावला नव्हता.

एक दिवस त्याचा हात जाळीपाशी थांबला.

"हे बघा," तो मुलाला म्हणाला, "या जाळ्या आणि वरची ती तिरपी टोपी. ठेवल्या तर रेघ तुटते. सुंदर चेहऱ्यावर चामखीळ असावी तसं."

"मग काढा."

"काढतो. वरून पत्रा मारून लांबी भरली की कुणाला सांगून खरं वाटणार नाही. पण आत कुणी राहतं का?"

मुलाने खिशातला फोन काढून पाहिला. फोन वाजलेला नव्हता.

"छे. नुसती उभी असते."

आरशाने स्क्रू-ड्रायव्हर घालून पितळी पट्टी उपटली. ती भंगाराच्या डब्यात पडली. बाहेरून एकेका जाळीवर पत्रा बसवला, त्याच्या कडा वितळवून जोडल्या, वर लांबी भरली, घासलं. छपराची टोपी कापली, तिथेही तेच. आतून मात्र कुणी हात लावला नाही. आतून पाहिलं तर जाळी जशीच्या तशी होती, खाचांसकट. तिच्यामागे आता लोखंड होतं.

मग रंग चढला. डाळिंबी. एकावर एक हात, मग वरून चकाकीचे हात. मी गॅरेजबाहेर निघाले तेव्हा रस्त्यावरची माणसं चालता चालता थांबली. समोरच्या दुकानदाराने माझ्या अंगात बघून आपली कॉलर नीट केली. नवी नवरी काय मिरवेल, अशी मी मिरवले.

जाताना आरसा बजावून म्हणाला, "रंग वरून वाळलाय, आतून अजून कच्चा आहे. काही आठवडे खिडक्या उघडू नका. कडेचं रबर कच्च्या रंगाला धरतं आणि उघडताना सोलून आणतं. दारही शक्य तितकं कमी."

बाबा अंगणात माझ्याभोवती फिरले. जवळ येऊन, डोळे बारीक करून बघत होते.

"पट्टी कुठे गेली रे?"

"काढली, बाबा. गंजली होती."

"पितळ गंजतं होय?"

"शोभत नव्हती, बाबा. तुम्ही आता हे सगळं बघू नका. फक्त खिडक्या उघडायच्या नाहीत. भिंतीला टेकायचं नाही. आणि आत काही तळायचं नाही, धूर पडद्यांना बसतो."

"खोकू ना?"

मुलगा हसला नाही. सूनबाईला हसू आलं होतं, ते तिने पदराआड दाबलं.

सुरुवातीचे दिवस उबदार होते. हीटरची गरज पडली नाही. दार दिवसातून दोनचारदा उघडे, तेवढी हवा आत येई. बाबांचं डोकं रंगाच्या वासाने दुखत असे. त्यांनी तसं सांगितल्यावर मुलगा म्हणाला, नव्याची सवय व्हायला वेळ लागतो.

मग थंडीचा पहिला कडाका आला, आणि त्याच दुपारी मंडळाचे लोक मला बघायला येणार होते.

मुलगा सकाळपासून मऊ फडक्याने मला पुसत होता. पाहुणे येण्याआधी त्याने दारातून आत डोकं घातलं.

"बाबा, ते लोक जाईपर्यंत बाहेर येऊ नका. पडदे ओढून घ्या."

"मी नुसता उभा राहतो एका बाजूला. गाडी कशी घेतली, पुलाखाली कशी अडकली, ते सांगेन."

"तेच नकोय. गाडीत कुणी राहतं म्हटलं की तिचा मान जातो. तुम्ही फोटोत आलात तर सगळंच बिघडेल."

"बरं. हीटर लावू का? हात गारठलेत."

"लावा की. तुम्हाला कुणी अडवलंय?"

त्याने दार बाहेरून दाबून घट्ट लावलं. कच्चा रंग आणि नवं रबर एकमेकांना चिकटले. मला ते जाणवलं.

बाबा खाली वाकले. त्यांनी तळहात जाळीला लावला. मित्रांनो, बाहेर कडाक्याची थंडी होती आणि जाळी लोखंडाची होती. ती बर्फासारखी गार झाली होती. बाबांच्या बधिर बोटांना गार लागलं, आणि त्यांना तो वारा वाटला. त्यांनी आईच्या फोटोकडे पाहिलं. "हिचा श्वास चालू आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी काडी ओढली.

मला बोलता येत असतं तर मी काय केलं असतं, ते विचारू नका. मला हॉर्न आहे, पण तो दाबायला माणूस लागतो.

पाहुणे आले. किती कौतुक झालं माझं त्या दिवशी. मंडळाचे अध्यक्ष हातमोजा काढून माझ्या बाजूवरून हात फिरवत राहिले. "वा. कुठे सांधा नाही, भोक नाही, खिळा नाही. अंड्यासारखं अंग आहे." कुणी खाली वाकून माझ्यात आपले दात पाहिले. कुणी म्हणालं, यंदा हिच्यासमोर कुणाचं काही चालणार नाही. मुलाचे कान आनंदाने लाल झाले होते. आत बाबांचं डोकं ठणकू लागलं. ते उठले. हातातला पेला पडला, तो गालिच्यावर पडला म्हणून आवाज झाला नाही. त्यांनी दार ढकललं. दार हललं नाही. खिडकीकडे हात गेला, मग खाली आला. त्यांना उघडायला मना केलं होतं.

फोटोसाठी सगळे माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मुलगा मधोमध. तेव्हा आतून वाजलं.

टक टक.

अध्यक्षांनी मान वळवली. "आत कुणी आहे का?"

"नाही, नाही. पत्रा आहे, थंडीने आखडतो," मुलगा म्हणाला. हसत हसत त्याने हात पाठीमागे नेला आणि बोटांच्या पेरांनी माझ्यावर जोरात दोनदा वाजवलं. गप्प बसा, असं त्याला म्हणायचं होतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीत सूनबाई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. पाहुणे आल्यापासून बाबा एकदाही खोकले नाहीत, हे तिच्या मनात घोळत होतं. ती त्यांना बघायला निघालीच होती. तेवढ्यात तिने ऐकलं, टक टक, आणि लगेच, टक टक. एकाने विचारलं, दुसऱ्याने उत्तर दिलं. तिला वाटलं, यांनी चौकशी केली वाटतं, बाबा ठीक आहेत. तिचा जीव भांड्यात पडला. ती पाहुण्यांना चहा द्यायला वळली.

फोटो निघाला. सगळे माझ्याकडे वळले, आणि माझ्या पत्र्याच्या बाहेरच्या अंगाला त्यांचे हसरे चेहरे उमटले. त्याच पत्र्याच्या आतल्या अंगाला बाबांची बोटं होती. ती हळूहळू खाली घसरत गेली आणि जाळीपाशी थांबली.

पाहुण्यांनी चहा घेतला, दुसऱ्यांदाही घेतला. माझी निवड झाल्याचं अध्यक्षांनी निघताना सांगितलं. त्यांची मोटार वळल्यावर सूनबाई ताट घेऊन आली आणि तिने कोपराने दोनदा वाजवलं. थांबली. पुन्हा वाजवलं. मग तिने ताट जमिनीवर ठेवलं आणि दार ओढलं. दार चिकटलं होतं. तिने एक पाय माझ्या पायरीला लावला आणि सगळं बळ एकवटून ओढलं. दार उघडलं, आणि चौकटीवरचा हातभर रंग रबराबरोबर सालासारखा सोलून आला.

मुलगा धावत आला. त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "अगं, रंग..."

मग त्याने आत पाहिलं.

पुढे तो रडला. डोकं आपटून रडला. ते खोटं नव्हतं, पण बाबांना त्याचा उपयोग नव्हता. डॉक्टरांनी कारण सांगितलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं गेलं की वय झालं होतं, झोपेत गेले. सूनबाई एकटी माझ्या आत आली, खाली बसली आणि तिने जाळीला तळहात लावला. मग बाहेर जाऊन त्याच जागी हात ठेवला. हात गुळगुळीत रंगावरून घसरला. ती कितीतरी वेळ तिथेच हात फिरवत राहिली.

"इथे जाळी होती ना?" तिने नवऱ्याला विचारलं.

"आता बोलून काय होणार आहे?"

मला विकायचं ठरलं. सूनबाईला वाटलं, घेणाऱ्याला सांगावं. पण व्यवहाराच्या वेळी नवरा शेजारीच उभा असणार होता, आणि तिचा आवाज त्याच्यापुढे नेहमी निम्मा व्हायचा. म्हणून आदल्या दिवशी तिने एक खिळा घेतला आणि माझ्या डाळिंबी अंगावर, जिथे जाळी होती बरोबर तिथे, खोल चौकोन कोरला. घेणारा विचारेल, हा चौकोन कसला, आणि मग सांगता येईल, अशी तिची कल्पना होती. मी तो ओरखडा सोसला. मला तो हवा होता.

घेणाऱ्याने चौकोन पाहिला. "पोरांनी रेघोट्या मारलेल्या दिसतात," तो म्हणाला. नव्या जागी न्यायच्या आधी त्याने मला आरशाकडे पाठवलं. दाराचा सोललेला रंग भरला गेला, चौकोनही भरला गेला, आणि मी पुन्हा अंड्यासारखी झाले. आरशाला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याने डोळे मिटून हात फिरवला आणि म्हणाला, आता कुठे बरं वाटलं.

मित्रांनो, आता मी एका गल्लीच्या टोकाला, बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीलगत उभी आहे. नव्या मालकांच्या घरात पाहुणे वाढले, म्हणून त्यांच्या थोरल्या बहिणीचं अंथरूण माझ्यात घातलं आहे. घरातली मुलं तिला आत्या म्हणतात. आत्या स्वेटर विणते, स्वतःशी गुणगुणते आणि माझ्या चकाकीत बघून केस बांधते. परवा मुलांनी येऊन माझा हीटर पुसला आणि चालू होतो का ते पाहिलं. चालू होतो. थंडी पडू लागली आहे. आतल्या जाळीवर आत्याने विणलेला रुमाल अंथरला आहे, शोभेसाठी.

तुम्ही त्या बाजूने जात असाल, तर डाळिंबी रंगाची गाडी ओळखू येईल. तिच्यात आपला चेहरा बघत उभे राहू नका. आत्याला हाक मारा. टक टक वाजवलं आणि आतून टक टक आलं, म्हणून परत फिरू नका. दार ओढा. चिकटलं असेल तर पाय लावून ओढा. रंग निघाला तर निघू दे.